आंब्याला काटा कुणाचा?



गेल्या वर्षभरात गट कार्यालयात, बांधावर, लग्नाच्या पंगतीत, इतकेच काय पण एका दहाव्याच्या कार्यक्रमातसुद्धा आम्हाला एकच प्रश्न विचारला गेला. "साहेब, खोडवा मोडून केशर लावू का?" केशरच्या जागी कुणी डाळिंब म्हणतो, कुणी मोसंबी. ऊस विकास अधिकाऱ्याला हा प्रश्न विचारणे म्हणजे हलवायाला उपवासाचे विचारण्यासारखे आहे. उसाचे क्षेत्र कमी झाले तर गाळपाला ऊस कमी पडणार आणि त्याचा जाब आधी आम्हालाच द्यावा लागणार. तरीही प्रश्न खरा आहे. कालव्याच्या पाण्याचा भरवसा उरलेला नाही, विहिरी मार्चमध्येच तळ दाखवतात, तोडणीला टोळी मिळत नाही. अशा वेळी सभासदाने दुसरा विचार करू नये असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून लावावे की न लावावे हे आज सांगत नाही. लावल्यानंतर ते विकायचे कुठे, एवढ्यापुरतेच लिहितो. कारण लागवडीची माहिती देणारे पुष्कळ आहेत. रोपवाटिकावाला सांगतो, ठिबकवाला सांगतो, अनुदानाचा अर्ज भरणारा सांगतो. फळ तयार झाल्यावर मात्र यांच्यापैकी कुणी बांधावर दिसत नाही.

आपल्याला बाजार माहीत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. राग येऊ देऊ नका. ऊसवाल्याने बाजार कधी पाहिलेलाच नाही. लागणीची नोंद चिटबॉयकडे दिली, तोडणीची पाळी आली, टोळी आली, गाडी भरली, कारखान्याच्या काट्यावर वजन झाले, पावती खिशात. दर किती मिळणार याचा खालचा आकडा हंगामाच्या आधीच ठरलेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्याखाली कुणी जाऊ शकत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात. (चौदा दिवसांची आठवण काढली म्हणून हिशेब विभाग आमच्यावर रागावणार नाही अशी आशा आहे.) साखर कुणाला विकली, कोणत्या राज्यात गेली, निर्यात झाली की नाही, याची चिंता सभासदाने करायची नाही, ती कारखान्याने करायची. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो पहिला गाळप हंगाम उभा केला, त्याचे मर्म हेच होते. शेतकऱ्याने बाजारात एकट्याने जायचे नाही, सगळ्यांनी मिळून जायचे.

फळाला हे काही नाही. एफआरपी नाही, चौदा दिवस नाहीत, काटा नाही. आमच्या एका वयस्कर सभासदांना, त्यांना सगळे आबा म्हणतात, आम्ही फळबागेचे फायदे समजावून सांगत होतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "ते समदं खरं हाय साहेब. उसाला तुमचा काटा हाय. आंब्याला काटा कुणाचा?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे जे घडले त्यातून ते थोडेफार मिळाले, ते सांगतो.

पाच बागा आणि एक ट्रक

एका गटात पाच सभासदांच्या केशरच्या बागा आहेत. तीन रोजगार हमीतून लावलेल्या, दोन स्वखर्चाने. दरवर्षी मोहोर पाहून व्यापारी येई आणि बाग गुत्त्याने घेऊन जाई. मोहोरावर बाग देणे म्हणजे पुढचा पाऊस, गारपीट, फळगळ हे सगळे धोके व्यापाऱ्याच्या अंगावर, पण चांगले साल आले तर त्याचा नफाही त्याचाच. दोन वर्षांपूर्वी साल चांगले होते. झाडे लगडली होती. आम्हीच पुढे होऊन म्हटले, यंदा गुत्त्याने देऊ नका, आपण माल मुंबईला तुर्भ्याच्या फळबाजारात नेऊ. गाडीभाडे पाचांत वाटून घेऊ.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळी दहाला तोडणी सुरू झाली आणि भर उन्हात दुपारपर्यंत चालली. काही झाडे झेल्याने उतरवली, उंच फांद्या मजुरांनी हलवल्या. फळे देठासकट काढायची असतात हे आम्हाला पाठ होते, पण वीस मजूर आणि संध्याकाळी निघणारी गाडी असली की पाठ असलेले विसरते. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग पडतो. पाचही बागांचा माल एकाच ट्रकमध्ये, कुणाचे प्लॅस्टिकचे क्रेट, कुणाच्या लाकडी पेट्या, एकाचा तर नुसता पेंढ्यात. आम्ही स्वतः चालकाशेजारी बसून गेलो.

पहाटे गाडी लागली. अडत्याच्या माणसाने तीन क्रेट उघडले, वरचे, मधले आणि खालचे. त्या तीन क्रेटवरून सगळ्या गाडीचा दर निघाला. एका क्रेटमध्ये पाडाला आलेले फळ आणि शेजारी कोवळे, हिरवे. एक फळ पाव किलोचे, दुसरे त्याच्या निम्मे. आम्ही त्याला समजावू लागलो की बाग चांगली आहे, खत शेणखत आहे, चव बघा. तो हसून म्हणाला, "साहेब, माल चांगला आहे. पण माल एक नाही."

पट्टी आठ दिवसांनी आली. मोटारभाडे, हमाली, तोलाई, वाराई, आणि वर अडत. शंभर रुपयांच्या मालात हातात साठदेखील पडले नाहीत. गुत्त्याने दिली असती तर यापेक्षा बरे झाले असते. आबांची बाग त्या पाचांत होती. ते आम्हाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

यात अडत्याचा दोष थोडा आणि आमचा जास्त. एक गोष्ट मात्र तेव्हा आमच्याही लक्षात आली नाही. फळे-भाजीपाल्याच्या व्यवहारात अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असा बदल आपल्या राज्यात जुलै २०१६ मध्ये झाला. त्याच वेळी फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायलाही मोकळीक मिळाली. तेव्हा पट्टीत आपल्या नावावर अडत कापलेली दिसली तर ती मुकाट्याने घेऊ नका, लेखी विचारा. बाजार समितीच्या सचिवाकडे पट्टीची नक्कल देऊन तक्रार करता येते. आम्ही विचारले नाही, कारण आम्हाला माहीतच नव्हते. कृषी पदविकेच्या अभ्यासात पट्टी कशी वाचावी हे कुणी शिकवले नव्हते.

सूतगिरणी चौकातला बाजार

आमचे बिऱ्हाड गारखेड्यात आहे. आपल्यापैकी पुष्कळांना गारखेडा माहीत आहे, कारण मुलामुलींना शिकायला, स्पर्धा परीक्षेला ठेवायचे म्हणजे या भागात एखादी खोली बघितली जाते. एकेकाळचे गाव, आता छत्रपती संभाजीनगरच्या पोटात गेलेले. सूतगिरणी चौक हे नाव सहकाराच्या जुन्या दिवसांचे, आता तिथे सूत निघत नाही. तिथून पुंडलिकनगरपर्यंत मे-जूनमध्ये हातगाड्यांची रांग लागते. आम्ही मुद्दाम रोज संध्याकाळी त्या रांगेतून पायी जाऊ लागलो. बहुतेक गाड्यांवर पाटी एकच : 'गावरान केशर'. चौकशी केली तर कुणाचा माल जाधववाडीच्या बाजारातून आणलेला, कुणाचा गुजरातचा, आणि कुणाला तर तो कुठला हे ठाऊक नाही. भाव ऐकून आम्ही गप्प झालो. आपल्या पाच बागांचा दर आणि हा दर यांत दुपटीहून जास्त अंतर होते, आणि आपल्या बागा इथून दोन तासांच्या आत आहेत.

गिऱ्हाईक काय विचारते ते ऐकायला मिळाले, ते आम्हाला जास्त मोलाचे वाटते. पहिला प्रश्न भावाचा नसतो. "कार्बाइडचा नाही ना?" हा पहिला प्रश्न. लोकांना भीती बसली आहे आणि ती रास्त आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूच्या खोलीत, ठरलेल्या प्रमाणात पिकवायला परवानगी आहे. आणि गवताच्या आढीत आठ-दहा दिवसांत पिकवायला तर कुणाचीच परवानगी लागत नाही. दुसरा प्रश्न, "आतून खराब निघाला तर?" हापूसमध्ये साका निघतो, केशरमध्ये तो दोष नाही, हे सांगणारा गाडीवाला आम्हाला एकही भेटला नाही. म्हणजे आपल्या मालाचा सर्वांत मोठा गुण विकणाऱ्यालाच ठाऊक नाही.

त्या पाचांपैकी एकाचा मुलगा गारखेड्यातच खोली करून राहतो. पुढच्या वर्षी त्याने आपल्या इमारतीतल्या बायकांना विचारून पंचवीस पेट्यांची नोंद केली. मग शेजारच्या इमारतीची. मोबाइलवर यादी करायची, आठवड्यातून दोनदा गावाहून माल आणायचा, पेटीत आंबा मोजून नव्हे तर तीन किलो वजनाने, आणि आत एक चिठ्ठी : बागेचे गाव, तोडल्याची तारीख, कधी खावा. एखादे फळ खराब निघाले तर पुढच्या खेपेला बदलून. त्याचा अभ्यास बुडतो म्हणून बापाची कुरकुर होती. हिशेब पाहिल्यावर ती जरा कमी झाली.

हे किरकोळ विकणे आहे आणि त्याची मर्यादा आहे. पाच बागांचा माल पंधरा इमारतींत संपत नाही. पण त्या मुलाच्या हातात जो भाव पडला त्यामुळे बाकीच्या मालाचा सौदा करताना पाचहीजणांची मान ताठ राहिली. ज्याला दुसरे दार उघडे आहे तोच पहिल्या दारात भाव सांगू शकतो. आबांनी त्या वर्षी जालन्याहून एक इलेक्ट्रॉनिक काटा आणला. गुत्तेदार दारात आला तेव्हा तो काटा मुद्दाम ओट्यावर मांडून ठेवला होता.

देशातला लांबचा बाजार हा वेगळा विषय. आपल्या मोसंबीचे उदाहरण घ्या. पाचोड, पैठण, बदनापूर, अंबड हा मोसंबीचा पट्टा, आणि इथली मोसंबी दिल्ली, कोलकाता, हैदराबादपर्यंत जाते. पाचोडला मोसंबीचा मोठा बाजार भरतो. पण मोसंबी आपल्याकडे मुख्यतः रसाचे फळ आहे, आणि रस विकतो उन्हाळ्यात. आंबे बहराचे फळ येते पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीच्या पुढे-मागे. तेव्हा सगळ्यांचाच माल येतो आणि रसवंतीवाल्याला घाई नसते. मृग बहराचे फळ मार्च ते मेमध्ये येते तेव्हा भाव असतो, पण त्यासाठी भर उन्हाळ्यात झाड तगून राहावे लागते, आणि २०१२ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही बागा कशा जळाल्या हे आपण पाहिले आहे. तेव्हा मोसंबीला बाजार नाही असे म्हणणे चूक. बाजार आहे, पण तो जेव्हा मागतो तेव्हा आपल्याकडे पाणी नसते.

२०२० च्या ऑगस्टमध्ये देवळालीहून पहिली किसान रेल्वे निघाली. फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती, आणि सांगोल्याचे डाळिंब थेट बिहार-बंगालकडे जाऊ लागले. पुढे सवलत बंद झाली तशी ती वाट आटली. आता आपल्या जवळून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि तो जून २०२५ पासून मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला आहे. रात्री जेवून निघालेली गाडी पहाटे तुर्भ्यात उभी राहते. रस्त्याचे दुखणे गेले. क्रेटमधल्या मालाचे आहे तेच आहे.

परदेशाचे दार

आता निर्यातीकडे वळू. या शब्दाला आपल्याकडे फार वजन आहे. आंब्याच्या उत्पादनात भारत जगात पहिला, पण पिकलेल्या शंभर आंब्यांपैकी ताजा म्हणून परदेशी जाणारा एकसुद्धा भरत नाही. असे का, हे समजून घेण्यासारखे आहे.

परदेशात माल जाणे हे आधी भावावर ठरत नाही, किडीवर ठरते. प्रत्येक देश म्हणतो, तुमच्या फळाबरोबर तुमची कीड आमच्या शेतात येता कामा नये. जपानने फळमाशीच्या कारणावरून १९८६ साली आपला आंबा बंद केला तो २००६ पर्यंत. वीस वर्षे! उघडला तो एका अटीवर : बाष्प उष्णतेची प्रक्रिया, म्हणजे फळाच्या गाभ्यापर्यंत ४७.५ अंश तापमान वीस मिनिटे. अमेरिकेचीही दीर्घकाळ बंदी होती. त्यांना भीती कोयीत लपणाऱ्या भुंग्याची. तो वरून दिसत नाही, धुऊन जात नाही. त्यावर उपाय निघाला विकिरणाचा. लासलगावला कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले 'कृषक' हे केंद्र होते, तिथे आंब्याला किमान ४०० ग्रे मात्रा देऊन २००७ च्या एप्रिलमध्ये पहिली खेप अमेरिकेला गेली. (विकिरणाने फळ किरणोत्सारी होत नाही. घरात कुणी विचारले तर सांगा.) त्याच सुमारास अमेरिकेच्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना आपला बाजार उघडला गेला. आंबा द्या, फटफटी घ्या, असाच तो सौदा वर्तमानपत्रांतून गाजला. सांगायचे एवढेच, की परदेशाचे दार सरकार सरकारशी बोलून उघडते, त्याला वर्षे लागतात, आणि शेतकरी त्या खोलीत नसतो.

दार उघडले तरी ते उघडेच राहील असे नाही. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारताचा आंबा थांबवला, ऐन हंगामात. सोबत कारले, पडवळ, वांगी आणि अळूची पाने. मालात फळमाशी आणि इतर किडी सापडत होत्या. गरम पाण्याची प्रक्रिया, ४८ अंशात साठ मिनिटे, आणि मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच माल, अशी व्यवस्था दाखवल्यावर २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठली. कोरोनाच्या काळात अमेरिकेचे निरीक्षक येऊ शकले नाहीत म्हणून २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे तिकडचा आंबा बंद, तो २०२२ ला सुरू झाला. आणि मे २०२५ मध्ये विकिरण झालेल्या पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे नाकारल्या गेल्या. परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून त्या तिकडेच नष्ट कराव्या लागल्या. फळात काही दोष नव्हता.

शेजारच्या देशाचीही गंमत ऐका. विदर्भाच्या संत्र्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनी आयात शुल्क वाढवत नेले आणि संत्रा तिकडे जाणे कमी कमी होत गेले. तिथे कीड नाही, विकिरण नाही, फक्त शुल्क. एकाच गिऱ्हाइकावर उभ्या असलेल्या धंद्याचे असे होते.

द्राक्षवाले या सगळ्यांतून आपल्या आधी गेले आहेत, म्हणून त्यांच्याकडे बघावे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभे केले, पाठीशी राज्याचे पणन मंडळ होते. सुरुवातीला माल नापास होऊन फेकावा लागला. मग पूर्वशीतकरण शिकले, डबा कसा भरायचा ते शिकले. आणि सगळे सुरळीत चालले असताना २०१० च्या हंगामात युरोपात द्राक्षांत क्लोरमेक्वाट, आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढरोधकाचे अंश सापडले. कंटेनर बंदरात अडकले. वर्षानुवर्षे वापरात असलेले औषध, पण तिकडची मर्यादा अत्यंत कडक आणि इकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. कित्येकांचे संसार त्या वर्षी मागे गेले. तरी ते पुन्हा उभे राहिले, याचे कारण आमच्या मते एकच आहे. २००६ पासून ग्रेपनेटवर त्यांच्या प्रत्येक बागेला क्रमांक होता. डब्यावरच्या क्रमांकावरून बाग सापडते, कोणत्या तारखेला काय फवारले ते सापडते. दोष कुणाचा हे कळले की निर्दोष असलेला सुटतो. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला 'सह्याद्री' ही शेतकऱ्यांची कंपनी आज जे मोठे काम करते ते याच पायावर.

आंब्यासाठी अशीच नोंद मँगोनेटवर होते, डाळिंबासाठी अनारनेटवर. बाग नोंदवायची ती तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत. जालन्याला पणन मंडळाने केशरसाठी निर्यात सुविधा केंद्र उभारले आहे, वाशीला उष्णजल, बाष्प आणि विकिरण अशा तिन्ही प्रक्रियांची सोय आहे. २०१६ साली 'मराठवाडा केशर' आणि 'जालना मोसंबी' यांना भौगोलिक मानांकन मिळाले. सोयी आहेत, नाव आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या किती बागा नोंदलेल्या आहेत हे आम्ही गटवार विचारून पाहिले, आणि एका हाताची बोटे पुरली.

नोंद का नाही, तर वही नाही. त्या पाच बागा पाहायला गेल्या वर्षी एका निर्यातदाराचा माणूस आला होता. फळ बघून खूश झाला. मग म्हणाला, फवारणीची वही दाखवा. एकाकडे औषधाच्या दुकानाच्या पावत्या होत्या, दुसऱ्याने भिंतीवर कोळशाने तारखा लिहिल्या होत्या, बाकीच्यांच्या डोक्यात होते. तो चहा पिऊन गेला.

मग आम्ही काय केले ते सांगतो. पाचहीजणांना शंभर पानी वही दिली. तारीख, औषध, प्रमाण, कुणी फवारले, एवढेच रकाने. मार्चमध्ये फळमाशीचे रक्षक सापळे लावले, एकरी चार. गळलेली फळे रोज उचलून खड्ड्यात पुरायची, कारण माशीची पुढची पिढी त्यांतच वाढते. तोडणी सकाळी दहाच्या आत आटोपायची. देठ एक सेंटिमीटर ठेवून कात्रीने, फळ जमिनीला लागू द्यायचे नाही, देठ खाली करून चीक निथळू द्यायचा. फळ तयार आहे का याची परीक्षा बादलीत करा : पाण्यात बुडाले तर तयार, तरंगले तर कोवळे. हे कुठल्या यंत्राशिवाय होते. पाचांनी आपापला माल वेगळा न ठेवता एका ठिकाणी आणून वजनाप्रमाणे तीन प्रती केल्या. पहिल्याच दिवशी यावरून भांडण झाले, कारण प्रत्येकाला आपले फळ पहिल्या प्रतीचे वाटते. आबांचा काटा तेव्हा कामी आला.

सगळा माल परदेशी गेला असे समजू नका. पॅकहाऊसने शंभर क्रेटमधले चाळीससुद्धा घेतले नाहीत. डागाचे, लहान, वाकडे फळ परत. पण परत आलेले फळ गारखेड्याच्या पेटीला चालले, त्याखालचे जाधववाडीला, आणि जे कुठेच चालले नाही त्याचा घरच्या बायकांनी आमरस काढून ठेवला. हिशेब केला तर परदेशी गेलेल्या मालाने फार श्रीमंती आली नाही. वाढले ते बाकीच्या साठ क्रेटचे मोल, कारण चाळीस क्रेटसाठी जी शिस्त लावली ती सगळ्याच बागेला लागली होती. निर्यातीच्या नादाने घरचा बाजार सुधारला, असे म्हणता येईल.

आता मूळ प्रश्न. पूर्ण ऊस मोडून फळबाग लावणाऱ्या सभासदाला आमचा विरोध आहे, आणि तो कारखान्याच्या गाळपासाठी नाही. केशरला पहिले बऱ्यापैकी फळ यायला चार-पाच वर्षे जातात. तोपर्यंत घरखर्च, सोसायटीचे हप्ते, मुलांची फी कशातून द्यायची? डाळिंबाला त्याहून लवकर पैसा दिसतो, आणि मार्च २०२५ मध्ये भगव्या डाळिंबाचा सुमारे चौदा टनांचा कंटेनर जहाजाने न्यूयॉर्कला पोचल्यापासून तर सगळ्यांनाच अमेरिका दिसू लागली आहे. पण तेल्या आणि मर रोगाने सोलापूर-सांगोल्याकडच्या बागा कशा गेल्या हे तिकडच्या पाहुण्यांना विचारा. ज्याचे पाणी चार एकर उसाला पुरत नाही, त्याने तीन एकर ऊस ठिबकवर आणावा आणि एक एकर बागेला द्यावे, हे आम्हाला पटते. त्या एक एकराला एकट्याने काही अर्थ नाही. शिवारातल्या वीस-पंचवीस जणांनी एकच जात, एकाच वर्षात, एकाच अंतरावर लावली तरच गाडी भरेल आणि खरेदीदार बांधावर येईल. उसाचा आपण लागण कार्यक्रम करतो तो कशासाठी, तर माल एका ओळीत यावा म्हणून. तेच इथे. खात्रीची कलमे कुठली, याबद्दल हिमायतबागेच्या फळ संशोधन केंद्रात आणि मोसंबीसाठी बदनापूरच्या केंद्रात विचारणा करून मगच पैसे मोजावेत. रोप स्वस्त मिळाले म्हणून कुठलेही घेतले, तर पाच वर्षांनी कळते की ते केशर नव्हतेच. असे एक उदाहरण आपल्याच कार्यक्षेत्रात आहे, नाव लिहीत नाही.

कारखान्याने स्वतःचे पॅकहाऊस काढावे अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. विचार चांगला आहे, पण पंचवीस एकर एकजात बाग उभी राहिल्याशिवाय त्यावर बोलणे घाईचे होईल. बंद पडलेल्या इमारती आपल्या जिल्ह्यात सहकाराच्या नावाने आधीच पुरेशा आहेत.

ज्यांच्या बागा आज फळावर आहेत त्यांनी सात-बारा उतारा, आधार कार्ड आणि बागेचा साधा हातनकाशा घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. मँगोनेट किंवा अनारनेटचा अर्ज भरण्यास ऊस विकास विभागाचे कर्मचारी मदत करतील, आणि तालुका कृषी कार्यालयात अर्ज एकत्र नेऊन देतील. फवारणीची वही गट कार्यालयात मोफत मिळेल. वही घेताना चिटबॉयकडे सही करावी, कारण मागच्या वेळी वाटलेल्या वह्यांपैकी काहींवर दुधाचा हिशेब सापडला आहे.